नानांची भेसळ

उत्तमनाना माणसाला नावाने हाक मारत नसत. "नाव काय, कुनीबी कायबी सांगतं," असं त्यांचं म्हणणं. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी त्यांच्यासोबत बरीच वर्षं काढली, पण त्यांच्या तोंडी मी शेवटपर्यंत 'डिस्पॅच' होतो. माल रवाना करायचं काम माझ्याकडे आहे, हे त्यांनी रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. माझं नाव दत्तात्रय आहे, हे मात्र मी नुसतं सांगितलेलं होतं. हिशेबाच्या बाई त्यांच्यासाठी 'अकाउंटताई', तपासणीवाला 'लॅब', आणि मॅनेजरसाहेब 'सध्याचे'. "सध्याचे आले का?" असं ते गेटवर विचारायचे. मॅनेजर बदलत असतात, त्यामुळे यात चूक काढायला जागा नव्हती.

नाना गोदामकीपर. राहायला परतूरला, रोज सकाळच्या गाडीने जालन्याला. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावलं की ते एकदा ओढून बघत. चार पावलं जात, परत येऊन ओढत. मग मला म्हणत, "डिस्पॅच, तू ओढ बरं." मी ओढायचो. मी ओढून झालं की ते पुन्हा स्वतः ओढायचे, कारण मी ओढताना काही केलं असेल तर? आम्ही दोघं रोज असे त्या कुलपाला लोंबकळायचो आणि वॉचमन दूर उभा राहून आमच्या दोघांवर संशय घ्यायचा.

यात कुणाबद्दल वाकडं नव्हतं. संशय हे नानांचं काम होतं आणि ते काम त्यांनी मन लावून केलं. आमच्यासाठी बीजोत्पादन घेणारे शेतकरी माल घेऊन आले की नाना पोत्यात हात घालून तळाचा दाणा काढायचे आणि दाताखाली फोडायचे. एकदा एक गडी म्हणाला, "नाना, पोरांची शपथ, एक नंबर माल हाय."

नानांचा हात पोत्यातच थांबला.

"शपथ कामून घातली?"

"न्हाई, आपलं सांगून राह्यलो."

"मी तं इचारलंच न्हाई काही. न इचारता शपथ आली म्हंजी खाली काहीतरी हाय."

सगळी पोती ताडपत्रीवर रिकामी झाली. खाली काहीच नव्हतं. गडी बिचारा तोंड पाडून उभा. नानांनी पोती परत भरायला स्वतः हात लावला आणि त्याला चहा पाजला. वर म्हणाले, "चांगला माल असला की गप बसत जा. चांगल्या मालाला आवाज नसतो."

तर अशा माणसाची भेसळ सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होती.

इथे थांबून सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात 'भेसळ' हा शब्द हळू आवाजातसुद्धा कुणी काढत नाही. एका वाणाच्या बियाण्यात दुसऱ्या वाणाचे चार दाणे निघाले की वर्षभराची अब्रू जाते. पण नाना दर शनिवारी गोदामाच्या मागच्या अंगाला, कणसं वाळवायच्या ड्रायरच्या भट्टीमागे, मक्याच्या रिकाम्या कणसांच्या विस्तवावर एक पदार्थ शिजवायचे आणि त्याचं नाव त्यांनी स्वतः 'भेसळ' ठेवलं होतं. ज्वारीच्या जाडसर भरडलेल्या कण्या, त्यात चवळी, मठ, हरभरे, हुलगे, तुरीचे दाणे, शेंगदाणे, वरून लसूण, काळं तिखट, करडईचं तेल. रात्रभर भिजवलेली कडधान्यं तळाला, कण्या वर, पाणी बोटाच्या पेराने मोजलेलं. मग पितळी हंड्यावर झाकण, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लिंपलेली आणि झाकणावर निखारे. कणीक वाळून तिला चीर पडली आणि त्या चिरेतून वाफेची बारीक रेघ निघाली, की झालं. त्याआधी झाकण निघत नसे, मग सध्याचे येवोत की मालक.

"कुकर कामून न्हाई लावत नाना?" अकाउंटताईंनी एकदा विचारलं.

"शिट्टीवर कसा भरोसा ठेवायचा ताई? आत काय चाललंय ते तिला तरी कुठं दिसतं?"

वर लिहिलेली यादी खाणाऱ्या प्रत्येकाला पाठ होती. पण ती घेऊन घरी केलं की ती चव यायची नाही. हंड्यात आणखी एक काहीतरी पडत होतं. झाकण ठेवण्याच्या आधी नाना सगळ्यांकडे पाठ करायचे, खिशातून मूठ काढायचे, हंड्यावर फिरवायचे आणि रिकामी मूठ पुन्हा खिशात घालायचे. ते काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कळू नये हा नानांचा एकमेव हट्ट होता, आणि ते कळावं हा माझा एकमेव उद्योग.

मी काय काय केलं नाही. पोटदुखीचं निमित्त करून भट्टीजवळ पडून राहिलो. नानांनी मला तिथून उचलून डॉक्टरकडे पाठवलं, आणि डॉक्टरांनी मला सुई टोचली. परतूरच्या बाजारात त्यांच्या मागे मागे फिरलो. ते एका दुकानातून चवळी घेत, दुसऱ्यातून हुलगे, तिसऱ्यातून लसूण, म्हणजे कुठल्याच दुकानदाराला पूर्ण यादी कळू नये. चौथ्या दुकानात त्यांनी खसखस घेतली. मला वाटलं, सापडलं. त्या रविवारी बायकोने खसखस घालून केलं. आम्ही दोघं दुपारभर झोपलो, पण चव काही आली नाही. सोमवारी नानांनी खसखशीची पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"ही तुझी. तू मागं होतास म्हणून घेतली होती."

एकदा मी सरळच विचारलं, "नाना, सांगितलं तर काय बिघडेल?"

"शनिवारी हे सगळे माझ्याभोवती कामून बसतात?" ते म्हणाले. "खायला? खायला तं घरीबी हाय. इचारायला बसतात. सांगून टाकलं तं पुढच्या शनिवारी हंडा राहील, मी कामून लागंल?"

पण माझा उद्योग थांबला नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. दर शुक्रवारी संध्याकाळी कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शनिवारची आठवण टाकायचं काम मी आपणहून घेतलं होतं. त्या शुक्रवारी मी टाइप केलं: 'उद्या नानांची भेसळ. नेहमीप्रमाणे गोदामामागे. ज्यांना पाहिजे त्यांनी डबे घेऊन यावे. माल मर्यादित.' शेवटचे दोन शब्द मला फार आवडले. मी पाठवून दिलं आणि नवीन जालन्यात भाजी घ्यायला गेलो.

तो मेसेज विक्रेत्यांच्या ग्रुपवर गेला होता. आमचं बियाणं दुकानात ठेवणारे सगळे त्यात. मी पिशवीत दोडके भरत असताना पहिला प्रश्न आला: 'नेहमीप्रमाणे म्हणजे?' दुसरा: 'किती दिवसांपासून?' एकाने नुसतंच लिहिलं: 'मला संशय होताच.' मी घाईघाईने मेसेज पुसून टाकला. तिथेच माझं चुकलं. मेसेज पुसल्याची खूण त्या ग्रुपवर राहिली, आणि ज्यांना आतापर्यंत नुसती शंका होती त्यांची खात्री पटली.

शनिवारी सकाळी विभागीय कार्यालयाची गाडी गेटमध्ये आली. त्यातून गुणवत्ता तपासणीच्या एक तरुण मॅडम उतरल्या. चेहरा असा की बसायला खुर्ची दिली तर आधी खुर्चीचे पाय बघतील. त्यांनी सध्यांच्या केबिनमध्ये न जाता सरळ विचारलं, "नाना कोण?"

नाना भट्टीमागे होते. हंडा लिंपून झाला होता, निखारे वर चढले होते. सगळा स्टाफ भोवती गोळा झाला. मॅडमनी मोबाइलवर मेसेजचा फोटो दाखवला. कुणीतरी तो आधीच काढून ठेवला होता. नानांनी तो चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच.

"मॅडम, तो पदार्थ आहे," सध्याचे म्हणाले. "खाण्याचा. नाना गोदामात असलं काही करणार नाहीत. मी हमी देतो."

"मीबी देते," अकाउंटताई म्हणाल्या. "नाना म्हंजी देवमाणूस."

मला वाटलं नाना शांत होतील. त्यांचा चेहरा मात्र लाल झाला. ते मॅडमवर नाही, आमच्यावर उखडले.

"तुमी कशावरून हमी देऊन राह्यले? रात्री गोदामात तुमी झोपता का? ताई, तुमी कधी पोतं उघडून पाह्यलं? न पाहता हमी? असेच लोक असतात म्हणून धंद्यात चोऱ्या होतात." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "मॅडम, यांचं ऐकू नका. तुमी बराबर आल्या. सगळं खोला. मला बिलकुल सोडू नका."

मॅडमनी जरा दचकून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या हौसेने चौकशी मागणारा माणूस म्हणजे एक तर साफ असतो नाहीतर फारच मुरलेला. त्यांनी दुसरं धरलं असावं.

"आधी हे उघडा," त्यांनी हंड्याकडे बोट केलं.

"ते न्हाई."

"का?"

"शिजायचंय. कणीक फुटली की उघडतो. तवर गोदाम पाहून घ्या, किल्ली ही घ्या."

"आत कंपनीचं बियाणं असेल, आणि मी गोदामात गेल्यावर तुम्ही ते हलवलं तर?"

नानांना हा प्रश्न फार पसंत पडला. "हे मातर खरं," ते म्हणाले. "मंग बसा समोर."

मॅडम हंड्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. नाना पलीकडे विटेवर. दोघांची नजर हंड्यावर आणि मध्येच एकमेकांवर. आम्ही ड्रायरच्या सावलीत, डबे पाठीमागे लपवून. कामं सगळी बंद. निखाऱ्यांची राख मध्येच खाली सरकायची आणि दोघंही एकदम पुढे झुकायचे. शेवटी कणकेला चीर पडली. वाफेची रेघ निघाली आणि तो वास आला, आणि सध्यांसकट सगळे चोरासारखे एक एक पाऊल पुढे सरकले.

नानांनी झाकण काढलं. मॅडमनी चमच्याने खालपासून ढवळून पाहिलं. "यात काय काय आहे? आणि कुठून आणलं? सगळं सांगायचं. एक जरी गोष्ट लपवली, तर मला लिहावं लागेल की माहिती दिली नाही."

नाना सांगू लागले. कण्या घरच्या ज्वारीच्या. चवळी अमुक दुकानातली, मठ तमुक. हुलगे, हरभरे, तूर, तेल. आमचे कान ताठ. लॅबने तर डोळेच मिटून घेतले होते, दुकानं लक्षात राहावीत म्हणून. यादी संपली. नाना थांबले.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं.

नानांनी आमच्याकडे एक एक करून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं पकडीत धरलं नव्हतं. बोलले तर मूठ उघडी पडणार, न बोलले तर भेसळीचा डाग कपाळावर घेऊन घरी जाणार. मेसेज पाठवल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की मी गंमत केलेली नाही.

"एक राह्यलंय," नाना म्हणाले. "पण ते तुमच्या कानात सांगतो. तुमी लिहा, न्हाई लिहा, तुमचं काम. यांच्यासमोर न्हाई."

मॅडमनी कान पुढे केला. नाना त्यांच्या कानाशी वाकले. मी मांजरासारखा पुढे सरकलो होतो, पण ऐकू आलं ते फक्त मॅडमचं.

"एवढंच?" त्या पुन्हा म्हणाल्या. पण आता आवाज वेगळा होता. तो शब्द पुढे कितीतरी महिने माझ्या डोक्यात घुमत राहिला. एवढंच म्हणजे किती?

नानांनी पहिलं ताट त्यांच्यापुढे धरलं. "नाही," मॅडम म्हणाल्या. "चौकशी संपल्याशिवाय मी इथलं काही खाणार नाही."

आम्हाला अपमान वाटला. नानांचा चेहरा मात्र उजळला. "पाहा," ते आम्हाला म्हणाले, "याला काम म्हणतात. शंका हाय तं घास न्हाई. तुमी कधी एवढं पाळलं का? दर शनिवारी काय घालून राह्यलो ते न इचारता खाऊन राह्यले."

दुपारभर मॅडमनी गोदाम तपासलं. नाना त्यांच्यापुढे चालत आणि त्यांनी सोडलेली पोतीसुद्धा "हे राह्यलं, हे राह्यलं" म्हणून दाखवत. काही निघालं नाही. निघताना मॅडमनी विचारलं, "मेसेज कुणी टाकला होता?" आणि मी घसा खाकरायच्या आत नाना म्हणाले, "डिस्पॅच." त्यानंतर मला कंपनीच्या सगळ्या ग्रुपवरून काढून टाकण्यात आलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात शांत वर्षं.

मॅडम गाडीकडे निघाल्या तोवर हंडा आम्ही पुसून खाल्ला होता. नानांनी भट्टीमागून एक छोटा डबा आणला. त्याचं झाकणसुद्धा कणकेने लिंपलेलं होतं. "संपली का चौकशी?"

"संपली."

"मंग घ्या. कणीक फोडलेली न्हाई, पाहून घ्या."

मॅडमनी डबा फिरवून, सगळीकडून बघून घेतला. गाडी गेल्यावर नाना कितीतरी वेळ गेटकडे बघत होते. "बाई कामाची हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

त्या रविवारी कारखान्यातल्या प्रत्येकाच्या घरी नानांनी सांगितलेल्या दुकानांचा माल आणून ती यादी पुन्हा शिजली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडेना. नाना एकेकाच्या पुढ्यातलं झाकण उचलत गेले. लॅबच्या डब्यात लगदा, अकाउंटताईंच्या डब्यात दगड, सध्यांच्या डब्यात दोन्ही. माझं झाकण त्यांनी उचललंच नाही. नुसती बोटं वाजवून पुढे गेले.

नाना निवृत्त झाले तेव्हा हंडा त्यांनी पोत्यात बांधून परतूरला नेला. मग आमच्याकडचे शनिवार इतर वारांसारखे झाले.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. "डिस्पॅच, काय करून राह्यला? शनिवारी ये. काम हाय."

मी गेलो. स्टेशनपासून घर जवळ. काकू, नानांच्या बायको, बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या. "जा आत. मला भायेर काढलंय." नाना स्वयंपाकघरात. फार वाळले होते. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला होता आणि त्या तापात त्यांना वास येईनासा झाला. चव थोडी कळते, वास बिलकुल नाही, असं म्हणाले. त्यांच्यापुढे हंडा मांडलेला, तळाला चवळी, वर कण्या. सगळं होतं. फक्त झाकण बाजूला होतं.

"जुनं झालंय," ते खिसा चाचपत म्हणाले. "कुबट झालं का काय ते मला कळत न्हाई. कुबट असलं तं हंडा वाया जाईल. नवं आणायला मला आता बाजारात एकट्याला जाऊ देत न्हाई कुनी."

"काकूंना विचारायचं ना."

"तिला कशी देऊ? तिचं नाक पक्कं हाय. लगीच वळखंल, चार घरी सांगंल."

"आणि मी?"

"तुला वळखता येत न्हाई. आन् आलंच, तरी तू सांगितलेलं कुनी खरं धरतं का?"

यात अपमान किती आणि विश्वास किती, हे मी अजून वेगळं करू शकलेलो नाही.

"डोळे मीट."

मी मिटले. नाकापुढे त्यांची मूठ आली. मूठ जराशी सैल झाली आणि वास आला.

मला तो कळला. इतकी साधी वस्तू की माझ्या घरी चुलीपासून हातभर अंतरावर तिचा डबा असतो. मॅडम तेव्हा 'एवढंच?' का म्हणाल्या तेही कळलं. माझ्या सगळ्या उद्योगांचं फळ माझ्या नाकाखाली होतं, आणि मला एकदम आठवलं की सांगितल्यावर मग यांच्याभोवती कोण बसेल, असं हा माणूस एकदा म्हणाला होता. इथे तर आज मी एकटाच आलो होतो.

"कुबट येतो का?"

"न्हाई नाना. बराबर आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"काय हाय ते कळलं का?"

"न्हाई."

मूठ माझ्या नाकापासून दूर गेली. "डोळे मिटलेलेच ठेव," ते म्हणाले. कापडाची सळसळ झाली. मग हंड्यातल्या पाण्यात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. मग झाकण.

डोळे उघडले तेव्हा नाना कणकेची वळी झाकणाच्या कडेने दाबत होते आणि नजर माझ्यावर होती. माझ्या बोलण्यातला एक शब्दही त्यांनी खरा धरलेला नव्हता.

"घरी करून पाहू नको," ते म्हणाले. "नुसत्या त्याच्यानं होत न्हाई."

मी बाहेर जाऊन काकूंजवळ ओट्यावर बसलो. जेवण नेहमीसारखंच झालं, तीच चव. आज सहज मनात आणलं तर ती वस्तू मी इथे लिहू शकतो. लिहीत नाही, त्याचं कारण नानांना दिलेला शब्द वगैरे काही नाही. मला दुसराच संशय आहे. माझ्या नाकापुढे जे धरलं होतं आणि हंड्यात जे पडलं, ते एकच होतं का? माझे तर डोळे मिटलेले होते.